साबणदाणीतला रस्ता

बाबांनी आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन शिलाई मशिनं दुरुस्त केली आणि आयुष्यभर कुणालाही रस्ता विचारला नाही. त्यात त्यांना कमीपणा वाटायचा. त्याऐवजी त्यांनी सायकलच्या हँडलवर एक साबणदाणी बसवली होती. पारदर्शक झाकण, आत दोऱ्याची दोन रिकामी रिळं आणि एकावरून दुसऱ्यावर जाणारी दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी. रिळातून बाहेर काढलेली काडी अंगठ्याने फिरवली की पुढचं वळण झाकणाखाली यायचं. ‘पेट्रोल पंप, डा.’ ‘छापखाना, उ.’ गिऱ्हाईक नवं असलं की आदल्या संध्याकाळी ते टेबलाशी बसून पट्टी लिहीत, आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

परतीची पट्टी मात्र त्यांनी कधीच लिहिली नाही. येताना तीच पट्टी उलटी फिरवायची आणि मनातल्या मनात डाव्याचं उजवं करायचं. गोंधळ नाही होत का, असं मी लहानपणी विचारलं होतं. शर्ट घालता येतो त्याला काढायला वेगळं शिकवावं लागतं का, असं उत्तर मिळालं होतं.

आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि तिला नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. बाबा रोज दुपारी जेवण उरकून सायकल काढत. तासभर तिच्याजवळ बसत आणि चहाला घरी. त्याच वर्षी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत बसले. घरी येऊन त्यांनी काम सुटल्यापासून माळ्यावर पडलेली साबणदाणी काढली, पुसली आणि आईकडे जायची पट्टी लिहायला घेतली. शेकडो वेळा गेलेल्या रस्त्याची पट्टी.

पुढच्या महिन्यात ते एकदा चहाला आलेच नाहीत. मी आणि दादा शोधत गेलो तर भलत्याच टोकाला, लाकडाच्या वखारीसमोर सायकल धरून उभे. दादाने घरी आल्या आल्या निकाल देऊन टाकला. सायकल बंद. दर रविवारी तो आईकडे गाडीने नेईल. दादा मनाने वाईट नाही, पण सगळे प्रश्न गाडीने सुटतात असं त्याला वाटतं. बाबा रोज जाणारे. सहा दिवस तिला न बघता ते काय करणार होते? मी दादाकडून एक आठवडा मागून घेतला, तोही भांडून.

मग मी साबणदाणी उघडून बसले. झाकणाखाली ‘छापखाना, उ.’ होतं. म्हणजे पट्टी त्यांनी बरोबर उलटी फिरवली होती. फक्त ‘उ.’ लिहिलं होतं म्हणून ते उजवीकडेच वळले होते. चाळीस वर्षं मनात होणारी ती उलटापालट बंद पडली होती. मी लाल शाईने परतीची वेगळी पट्टी लिहिली. शुश्रूषागृहाचं फाटक इथे सुरुवात, आमची पायरी इथे शेवट. बाबांनी ती वाचली आणि खिशात घातली. मला रडू आलं, रागही आला. कुणावर, ते सांगता येणार नाही.

जाताना बाबांची निळ्या शाईची पट्टी, येताना माझी लाल. पाच महिने बाबा वेळेवर चहाला आले. दादाने सायकलचा विषय सोडला आणि मला वाटलं, आपण जिंकलो.

एका संध्याकाळी ते साबणदाणी घेऊन माझ्यासमोर बसले.

“ही पट्टी खोली नंबर चारपर्यंतच आहे,” ते म्हणाले. “पुढचं लिही.”

“पुढे रस्ता कुठेय बाबा? पुढे खोलीच आहे.”

“आत कोण आहे ते लिही. आज मी दारात उभा राहिलो आणि नर्सला विचारलं.”

चाळीस वर्षांत न विचारणारा माणूस. मी पेन घेतलं. ‘आई’ लिहिलं आणि खोडलं, ती माझी आई. ‘बायको’ लिहिलं, तेही कुणाचीही असू शकते. तिचं नाव तर त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. शेवटी त्यांना जे करायचं असतं तेच लिहिलं, बाकी पट्टीवर लिहिलं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि अंतर ठेवून त्यांच्या मागे सायकल चालवत गेले. पंपापाशी डावीकडे, छापखान्यापाशी उजवीकडे, पूल. एकही वळण चुकलं नाही. फाटकाशी त्यांनी साबणदाणीचे दोन स्क्रू सोडवले, ती हातात घेतली आणि आत गेले. चार नंबरच्या दारात थांबून काडी फिरवली. ओळ दोनदा वाचली.

‘खिडकीशी बसलेली. अगं म्हणायचं. ती वळते.’

“अगं,” बाबा म्हणाले.

आई वळली.