बुन्थानच्या पोटातला ठिपका

मित्रांनो, मी सोनोग्राफीची एक जुनी मशीन आहे. माझ्या पडद्यावर डावीकडे एक रेघ कायमची उमटलीय आणि माझं एक चाक तर औषधांच्या ढकलगाडीचं आहे. थायलंडच्या ईसान भागातल्या रस्त्यांवर आमची गाडी एवढी उसळते, की एकदा मी छत फोडून वर गेले, एका बगळ्याचं पोट तपासलं आणि परत जागेवर येऊन बसले. खोटं वाटत असेल तर बगळ्याला विचारा.

तरुणपणी मी शहरातल्या दवाखान्यात गारेगार खोलीत होते. पोटातली बाळं मला बघून जांभया द्यायची. मग नवी मशीन आली नि मला कोठीत ढकललं, वर फाटक्या चादरी टाकल्या. तिथून मला बाहेर काढलं डॉक्टरीणबाई सिरिन यांनी. म्हणाल्या, हिला अजून दिसतंय ना, मग हिला गावात नेऊ.

गावात कशाला? तर कच्च्या माशांपायी. इथले लोक नदीतले इवले मासे कच्चेच बारीक चिरतात, वर लिंबू, मिरची आणि भाजलेल्या तांदळाची पूड घालून चिकट भाताबरोबर खातात. त्याला कोय म्हणतात. लागते झकास. पण त्या माशांत डोळ्यांना न दिसणारे जंत असतात. ते माणसाच्या यकृतात बिऱ्हाड करतात, आणि वर्षानुवर्षांनी एखाद्याच्या तिथे गुपचूप कॅन्सर उगवतो. दुखत नाही, खुपत नाही. डोळे पिवळे होतात तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो. गावातल्या बुआलॉन्ग नावाच्या बाईच्या भावाचे असेच डोळे पिवळे झाले, आणि भाताची लावणी संपायच्या आत तो गेला.

तरी तिचा नवरा बुन्थान सुधरेना. गावात कोय करावी तर त्यानंच. लिंबानं मासा शिजतो, असं त्याचं ठाम मत. उरलासुरला जंत मारायला आरोग्य केंद्राची गोळी होतीच. कोय झाली की गोळी, गोळी झाली की पुन्हा कोय, आपण बडीशेप खातो तशी! अर्धा गाव हेच करायचा.

आम्ही देवळाच्या मंडपात चटया टाकल्या. बायका पटापट तपासून गेल्या. पुरुष मात्र देवळाच्या आवारातल्या चिंचेखाली उभे. बुआलॉन्ग नवऱ्याला ओढायला गेली, तर तो म्हणाला, "ती मशीन बायकांची. मी काय गरोदर आहे?"

"पोट तरी तसंच दिसतंय. चला, आडवे व्हा."

सगळे हसले. तो हलला नाही. "मला काही दुखत नाही. दुखलं की येईन."

बुआलॉन्गचा आवाज खाली आला. "माझा भाऊ हेच म्हणायचा. त्याची चिता तुम्ही रचलीत. तुमची मी रचणार नाही, सांगून ठेवते."

तिनं त्याच्या मोटारसायकलची किल्ली आपल्या लुंगीच्या कमरेला खोचली आणि देवळाच्या दारातच फतकल मारून बसली. तिला ओलांडायची एकाचीही छाती झाली नाही. बुन्थान मुकाट चटईवर झोपला. पोटावर गार जेल पडताच असा किंचाळला, की नदीपलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

आणि मला दिसला तो. यकृतात, बोराएवढा ठिपका. बाईंना आधी वाटलं माझ्या रेघेचाच दोष. मी म्हटलं, नाही गं बाई, नीट बघ! त्यांनी दुसऱ्या बाजूनं दाबून पाहिलं. ठिपका तिथंच.

"काका, इथे काहीतरी आहे. लहान आहे, म्हणूनच आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

"एक गोळी जास्त द्या ना."

"गोळीनं जंत मरतो, काका. हे नाही मरत."

बुन्थान उठून बसला. नशिबात असेल ते होईल, असं काहीसं पुटपुटला.

"नशिबात मरायचंच असतं तर आज दिसलंच नसतं," बुआलॉन्ग दारातूनच म्हणाली. "दिसलंय ना? मग आता भांडायचं."

मोठ्या हॉस्पिटलात यकृताचा तुकडा कापून काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, दुखायची वाट बघितली असती तर कापण्यासारखं काही उरलं नसतं.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा चिंचेखाली कोयचा बेत रंगला होता. बुन्थाननं परात उचलली आणि सगळी कोय तापलेल्या कढईत ओतली. पुरुषांची तोंडं उतरली. लिंबानं शिजलीच होती की, असं कोणीतरी कुरकुरलं. बुन्थाननं सदरा वर केला. पोटावर आडवा, जाडजूड व्रण.

"हे पण लिंबानंच शिजलं वाटतं?"

रांग लागली. चिंचेखाली कुत्रंसुद्धा उरलं नाही.

तो ठिपका परत येईल का? कोणी सांगावं. येऊ दे. बुन्थान दर खेपेला चटईवर सगळ्यांच्या आधी असतो, आणि मी बघायला आहेच.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी 'मला काही दुखत नाही' म्हणत असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीला त्यालाच आधी न्या. ऐकत नसेल तर दारात बसा. आणि मला भंगारात काढायचं घाटतंय म्हणे. काढा की! पण आधी ही रांग संपवा. मंडपाबाहेर अजून बरीच पोटं उभी आहेत.