हिरव्या पानाची काच

अबू जवदतच्या टाक्याचं पाणी गोड, हे गल्लीतल्या कुणीही शपथेवर सांगितलं असतं. अल-खलील शहराच्या पश्चिमेकडच्या डोंगरउतारावरचं गाव. नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर उन्हाळाभर टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या करायच्या. म्हणून प्रत्येक घराखाली खडकात खोदलेलं टाकं असतं आणि हिवाळ्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात उतरतं. पण अबू जवदतचं हे दुसरं टाकं घरासाठी नव्हतं. बायको गेल्यावर त्यानं ते तिच्या नावानं बांधलं आणि त्याचा नळ भिंतीतून बाहेर गल्लीत काढला. नळावर दगडी पाटी बसवली: ‘रुकय्या, उम्म जवदत. पाणी प्या आणि तिच्यासाठी फातिहा म्हणा.’

पाण्याचं दान हे वाहतं दान. लोक पीत राहतील तोवर रुकय्याच्या कबरीत उजेड राहील, असा त्याचा भाबडा हिशेब होता. समोरची उम्म ताहिर, म्हणजे ताहिरची आई, रोज संध्याकाळी दोन कॅन घेऊन यायची आणि फातिहाची प्रार्थना इतक्या मोठ्यानं म्हणायची, की रुकय्याला नाही तरी अबू जवदतला ती ऐकू जावी. तो ओसरीवर बसून ऐकायचा. त्याचा दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ तोच.

गावाचा धंदा म्हणजे जुने कॉम्प्युटर मोडणं. हद्दीपलीकडून ट्रक भरून यायचे आणि गाव त्यांची हाडं-कातडी वेगळी करायचं. तांब्यासाठी वायरी जाळायच्या, की काळा धूर अख्ख्या ऑलिव्हच्या बागांवर बसायचा. अबू जवदतनंही उमेदीत तेच केलं. रुकय्या खोकून खोकून गेली तेव्हा तिच्या मयतीपाशी त्यानं शपथ घेतली, की ह्या हातानं पुन्हा आग लावणार नाही. तेव्हापासून तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एकेक मॉनिटर हातानं उघडायचा. “अबू जवदत मॉनिटरचं बाळंतपण करतो,” असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे. आपल्या घरावर धूर नाही, ह्याचा त्याला केवढा अभिमान!

मोडतोडीतून सगळं खपायचं, फक्त काच खपायची नाही. मागे डेरेदार पोट असलेल्या त्या जुन्या मॉनिटरांची जाड, जड काच कुणी फुकटही नेत नसे. घरामागे तिचा डोंगर झाला होता.

टाकं बांधायला घेतलं तेव्हा त्याला बापाचा गिलावा आठवला. चुन्यात कुटलेल्या मडक्यांची भुकटी घालायची, म्हणजे टाकं शंभर वर्षं पाझरत नाही. बापाबरोबर त्यानं लहानपणी पोतीच्या पोती खापरं कुटली होती. पण आता मडकी आणायची कुठून? घरोघर प्लास्टिक. आणि मागे तर काचेचा डोंगर! शेवटी तीही भट्टीतूनच निघालेली. अबू जवदतनं ती कुटली.

तो बेफिकीर नव्हता, हे त्याच्या वैऱ्यानंही मान्य करावं. काही मॉनिटरांच्या पाठीवर हिरव्या पानाचं चिकटपत्र असायचं. त्यावरची परदेशी अक्षरं मुलानं, जवदतनं, त्याला वाचून दाखवली होती: हे यंत्र पर्यावरणाच्या नियमात बसतं, ह्यात विषारी पदार्थ नाहीत. तेव्हापासून म्हाताऱ्यानं हिरव्या पानाचे तेवढे वेगळे काढले. “ही हलाल काच,” तो म्हणायचा. “तुझ्या आईच्या टाक्यात दुसरी चालणार नाही.”

टाकं गुळगुळीत झालं. उन्हात झाकण उघडलं, की आतल्या भिंती चमचमायच्या. लोक बघायला यायचे.

नात बिसान त्यानंतर जन्मली. तीन वर्षांची होईतो ती घरातला रेडिओ होती. कोंबड्यांना नावं द्यायची, आजोबांना “सीदो, सीदो” करून भंडावून सोडायची. मग हळूहळू रेडिओ बंद पडत गेला. पोट धरून बसायची. कोंबड्यांची नावं आधी चुकायला लागली, मग ती विसरलीच. चेहरा पांढरा पडला.

सून नहला तोंडानं फटकळ होती, पण खोटी नव्हती. “काका, तुमच्या त्या कचऱ्याचंच हे काहीतरी आहे,” ती म्हणाली. “बिनधुराचा झाला म्हणून कचऱ्याचं अत्तर होत नाही.”

“मी अंगणात कपडे बदलतो, आंघोळ केल्याशिवाय पोरीला हात लावत नाही. आणखी काय करू, कातडी काढून ठेवू?”

आणि तो बाहेर जाऊन रुकय्याच्या नळाचा पेला भरून आणायचा. “पी गं माझी राणी. आजीचं पाणी आहे, बरं वाटेल.” पोर गुणाची. गटागटा प्यायची.

शेवटी अल-खलीलच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर गदीर ही तरुण बाई, पण बोलणं शांत. पोरीच्या रक्तात शिसं आहे, ती म्हणाली. नहलानं सासऱ्याकडे पाहिलं; ते पाहणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

“घरी जाळता का काही, हाजी?”

“बायको गेल्यापासून काडी लावलेली नाही. गावात कुणालाही विचारा.”

“मग पोर जे खाते, जे पिते, ते सगळं थोडं थोडं आणा. तपासू.”

नहलानं पीठ, तेल, झातरचा मसाला सगळं बांधून दिलं. पाण्याची बाटली अबू जवदतनं स्वतः भरली आणि डॉक्टरीणबाईंपुढे ठेवताना म्हणाला, “ह्यात काय सापडायचंय? घोटभर घेऊन तर बघा, बाई. असं पाणी तुमच्या शहरात नाही.”

पुढच्या खेपेला तिनं दार लावून घेतलं.

“हाजी, ते टाकं आतून कशानं लिंपलंय?”

त्यानं सांगितलं. बापाचा चुना, कुटलेली काच, अगदी निवडून घेतलेली. सांगता सांगताच तिचा चेहरा पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“पण त्यावर हिरवं पान होतं, बाई! विषारी काही नाही असं लिहिलं होतं. माझा मुलगा शिकलेला आहे, त्यानं वाचलं.”

“त्यानं बरोबर वाचलं. चिकटपत्रही खोटं नव्हतं. नियम होता, शिसं नको. पण ह्या काचेला सूट होती. शिशाशिवाय ती काच बनतच नव्हती. कुटली की ते पाण्यात उतरतं.”

“काचेत शिसं कशाला?”

“आतून किरण येतात. ते समोर बसणाऱ्याला लागू नयेत म्हणून.”

“म्हणजे बघणाऱ्याला जपायला घातलं.”

“हो.”

“आणि मोडणाऱ्याला?”

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या औषधांचं सांगायला सुरुवात केली. शिसं औषधानं उतरेल, पण गेलेलं बोलणं परत येईल असं वचन मी देत नाही, असं ती म्हणाली. टाक्याचं पाणी जमिनीवरही ओतू नका, ते तसंच बंद ठेवा. आणि ज्यांनी ज्यांनी ते प्यायलंय त्या सगळ्या मुलांना घेऊन या.

आगीतून उठून फुफाट्यात पडल्याचं ऐकलं होतं. हा माणूस आगीतून उठला, हातपाय स्वच्छ धुतले आणि अख्ख्या गल्लीला घेऊन फुफाट्यात पडला.

घरी जवदत म्हणाला, “बाबा, कुणाला काही बोलू नका. पाणी आटलं म्हणून सांगू आणि नळ काढून टाकू. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

नहलाही खाली मान घालून म्हणाली, “त्याचं खरंय, काका. लोक आपल्याला इथं राहू देणार नाहीत.”

“ताहिरच्या बाळाचं दूध कशात कालवतात?” अबू जवदतनं विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं.

“मग? त्यांनी आजार समजून दिवस ढकलायचे? आणि मी ओसरीवर बसून फातिहा ऐकायची?”

संध्याकाळी उम्म ताहिर कॅन घेऊन आली तेव्हा तो नळावर हात ठेवून उभा होता.

“काय रे अबू जवदत, पहारा देतोस? ऐन उन्हाळ्यात हात आखडला वाटतं! अरे, दान तुझ्या बायकोचं आहे, तुझं नाही.”

“उम्म ताहिर, ह्या पाण्यात विष आहे. मीच घातलंय, न कळत. बिसानला त्याचंच झालंय. उद्या तुझ्या नातवाला घेऊन खलीलला चल, मी येतो बरोबर. गल्लीतल्या सगळ्या पोरांना न्यायचंय.”

ती आधी हसली. मग तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला आणि हसू विरलं. कॅन तिनं जमिनीवर ठेवले नाहीत, हातातून गळाले.

“त्याचे ओठ सुकले की मी बोट बुडवून लावते,” ती म्हणाली. “ह्याच पाण्याचं बोट.”

ती शिव्या देईल, दगड मारेल, अशी त्यानं तयारी केली होती. तिनं मारला असता तर बरं झालं असतं. ती वळली, घराच्या दारापर्यंत गेली आणि तिथून ओरडून म्हणाली, “तिचं नाव तरी काढ रे तिथून! त्या बिचारीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?”

एव्हाना दारादारांत माणसं उभी राहिली होती. अबू जवदतनं नळाची मूठ काढून खिशात टाकला, आतून छिन्नी-हातोडा आणला आणि सगळ्यांच्या देखत पाटीसमोर बसला. रुकय्याचं नाव निघता निघेना. त्यानं स्वतःच खोल कोरलं होतं. मग ते तसंच ठेवून त्यानं फातिहाची ओळ खरवडली. मोकळ्या झालेल्या दगडावर त्यानं अक्षरं कोरली, लांबूनही वाचता यावीत एवढी मोठी:

‘हे टाकं अबू जवदतनं बांधलं. पाणी पिऊ नका.’