मिस्टर वाळिंबे आणि बेचाळीस वह्या

सतराव्या वहीवर बरोबरची खूण केली, तेव्हा आमचे हे पलंगावरून वीतभर वर उचलले गेले. पांघरूण खालीच राहिलं.

वह्या नववी 'ब'च्या, बेचाळीस. इंग्रजी उपमा: अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. वाक्य करा म्हटलं की पोरांना राजू आणि मीनाशिवाय माणूस सुचत नाही, म्हणून उदाहरण मीच फळ्यावर लिहिलं. 'ॲज लाइट ॲज अ फेदर', म्हणजे पिसासारखं अगदी हलकं. वाक्य: मिस्टर वाळिंबे इज ॲज लाइट ॲज अ फेदर. त्या सकाळी यांना एकटीने उचलून न्हाणीत नेलं होतं, दुसरं काही डोक्यात येईना. पोरांनी मुकाट्याने उतरवून घेतलं. डोकं चालवायचं नाही ही शपथच घेतलेली.

पंचविसाव्या वहीला मी पंखा बंद केला. पुढच्या वहीवर सरळ काट मारली. हे धाडकन पलंगावर आपटले आणि कण्हले.

"वाक्य चुकलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काट कशी मारलीस?"

पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. बरोबर उत्तराला चूक म्हटलेलं त्यांना खपत नाही, मलाही नाही. काट खोडून मी बरोबरची खूण केली. ते पुन्हा वर गेले.

"इथे पाठ दुखत नाही," ते म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, वह्या उद्या दहाला टेबलावर पाहिजेत." मी हो म्हटलं. नाही म्हणायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

एकतिसाव्या वहीला त्यांचं डोकं छताला लागलं. "अंगणात ने," ते म्हणाले. मी मनगट धरून त्यांना अंगणात आणलं आणि खुर्ची टाकून बसले. डाव्या हातात ते, उजव्या हातात लाल पेन, मांडीवर वह्या. ऊन होतं. कुंपणापलीकडून गोदाक्का म्हणाल्या, "मास्तर, आज बरं वाटतंय वाटतं?"

"हो," हे वरून म्हणाले.

वह्या संपत आल्या तसा माझा हात खांद्यातून निघायला आला. सोडला तर हे जातील. काट मारली तर पुन्हा पलंग, पुन्हा कण्हणं. मला ते हवे होते आणि मी दमले होते, दोन्ही खरं.

"किती राहिल्या?"

"एक."

"मग कर की."

शेवटची वही शबाना तांबोळीची. मी उदाहरण दिलं त्या दिवशी ती गैरहजर होती, त्यामुळे वाक्य तिने मनाने केलं होतं. अवर टीचर इज ॲज लाइट ॲज अ फेदर.

मी दोनदा वाचलं. स्पेलिंग बरोबर, पूर्णविरामही जागेवर.

"चूक आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, मनगट घट्ट धरलं, आणि पेन टेकवलं.