सामानापाशी

दादाचा मेसेज आला तेव्हा मी न्हावा शेव्याला आमच्या केबिनमध्ये एका ट्रान्सपोर्टवाल्याला झापत होते. बंदरावर माल सोडवायच्या, क्लिअरिंगच्या कामात तीस वर्षं काढल्यावर बाईचा आवाज चढतोच, आणि माझा तर मुळातच कधी खाली नव्हता. फोन वाजला म्हणून पाहिलं. घरच्या ग्रुपवर दादाने एक जुना फोटो टाकला होता. किहीमचा किनारा, मे १९७८. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे, मी त्यांच्या खांद्यावर आणि बाजूला दादा दात काढून हसतोय. खाली लिहिलेलं, ‘माझी साठी साजरी करायची तर इथेच! येत्या रविवारी किहीम. एक गाडी, पाच जण. ते सोनेरी दिवस पुन्हा जगू या.’

पाच जण म्हणजे दादा, गीतांजली वहिनी, त्यांचा पार्थ, मी आणि माझी अबोली. मी दोनदा मोजलं. मग लिहिलं, ‘आणि आई?’

उत्तर लगेच आलं. ‘आईला कशाला दगदग? ब्याऐंशी चालू आहे. आणि तिला पाणी आवडत नाही, माहितीये ना तुला. शेजारच्या काकू बसतील सोबत. टेन्शन नको घेऊस.’ शेवटी एक हसरा चेहरा.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन टेबलावर असा आपटला की ट्रान्सपोर्टवाला उभाच राहिला. “मॅडम, आता मी काय केलं?” त्याला म्हटलं, तू नाही रे बाबा, तू जा.

संध्याकाळी नेरूळला घरी गेलेच नाही. सरळ कोपरखैरण्याला दादाकडे गेले. बाबा गेल्यापासून चार वर्षं आई त्याच्याकडेच असते. वाटेत सिग्नलला थांबले की तो फोटो पुन्हा बघत होते. त्या फोटोत आई नाही. आमच्या किहीमच्या एकाही फोटोत ती नाही. पण प्रत्येक फोटो काढला जात असताना ती तिथून वीस पावलांवर होती.

दर मे महिन्यात बाबा आम्हाला आठ दिवस किहीमला न्यायचे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरून एस्टी, आणि मग सुंदराबाईंच्या वाडीतली एक खोली. दिवस सोनेरी होते, खोटं कशाला बोलू? ताडगोळे खाऊन कोपरापर्यंत चिकट झालेले हात, विहिरीवरची अंघोळ, रात्री अंथरुणात सापडणारी वाळू. आजही डोळे मिटले की सगळं तसंच्या तसं दिसतं. आणि त्यात आई दिसते ती चटईवर बसलेली.

बाबांचा नियम होता. सामानापाशी एक माणूस बसलंच पाहिजे. एक माणूस म्हणजे आई. सुरूच्या झाडांखाली सावलीत बसली असती तरी चाललं असतं, पण बाबांना सामान नजरेसमोर हवं असायचं, म्हणून चटई पाण्याजवळ, उन्हात. आमचे कपडे, पंचे, पाण्याचा तांब्या आणि बाबांचे बूट. डाव्या बुटात रुमालात गुंडाळलेलं घड्याळ, आईच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. आम्ही तीन-तीन तास पाण्यात डुंबायचो आणि ती आमचे कपडे सांभाळत बसायची. मुंबईहून बरोबर आणलेल्या स्टोव्हवर सकाळी डाळ-भात करून यायची आणि परत जाऊन सगळ्यांच्या अंगाची वाळू धुवायची. हिची सुट्टी कधी, असं आम्ही कुणी विचारलं नाही.

दादाने दार उघडलं तेच हसत. “आलीस भांडायला?”

“हो. आई का येत नाही?”

“अगं, ती येऊन काय करणार तिकडे? तिला पाण्याची भीती वाटते. बाबा नेहमी सांगायचे ना.”

“बाबा सांगायचे. ती कधी बोलली?”

“वैजू, ओरडू नको. सोसायटीत ऐकू जातं.”

“जाऊ दे! साठीचा झालास, तुर्भ्याच्या फॅक्टरीत दोनशे माणसं सांभाळलीस, आणि स्वतःच्या आईला एकदा विचारता येत नाही तुला? सोनेरी दिवस म्हणे! तिच्या उन्हात बसण्यावर आपले सोनेरी दिवस झालेत!”

वहिनी मधे पडली. “ताई, त्यांचा हेतू वाईट नव्हता हो. गुडघे दुखतात आईंचे.”

आई आतल्या खोलीत मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि विचारलं, “आई, किहीमला यायचंय तुला?” तिने कानातलं मशीन जरा नीट केलं. “मी कशाला गं? तुम्ही जा. सामान कोण सांभाळेल म्हणत असाल तर येते.”

हे ती अगदी साधेपणाने बोलली. दादा दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. मी उठले आणि सांगून टाकलं, की रविवारी आई माझ्या गाडीतून येणार, आणि या वेळी ती समुद्रात उभी राहिल्याशिवाय आम्ही परत निघणार नाही.

घरी आल्यावरही राग उतरेना. अबोली म्हणाली, “मम्मा, मामावर एवढी का चिडतेस? तो विसराळू आहे, दुष्ट नाहीये.” तिला काय सांगणार? मी दादावर चिडले होते हे खरं. बाबांवर तर त्याहून जास्त, ते गेल्यावरही. पण या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, जी मी कुणालाही कधी सांगितली नव्हती.

१९७९. सुट्टीचा शेवटचा दिवस. मी दहा वर्षांची. बाबा आणि दादा लांब पाण्यात होते. आई मला म्हणाली, “वैजू, दहा मिनिटं बस इथे. मी जरा पाय भिजवून येते.” तिने साडी वर खोचली आणि गेली. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. एक लाट आली, तिला पार भिजवून गेली, आणि आई हसली. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. छत्तीस वर्षांची होती ती तेव्हा. माझी अबोली आज चौतीसची आहे.

मी बसले होते. पण शेवटचा दिवस होता आणि बाबांनी लांबून हात केला. मी उठले आणि पळाले. सामान तसंच टाकून.

परत आलो तेव्हा भरती चटईपर्यंत पोहोचली होती. माझा फ्रॉक पाण्यावर तरंगत होता. बाबांचा डावा बूट गेला होता, घड्याळासकट. बाबा गरजले, “सामानापाशी कोण होतं?” मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी.” मग बाबा सगळ्या किनाऱ्यासमोर तिला बोलले. एवढं एक काम सांगितलं होतं. तुझ्याच बापाचं घड्याळ, तेही सांभाळता आलं नाही. आजूबाजूची बिऱ्हाडं बघत होती आणि आई ओला पदर पिळत उभी होती.

मी एक अक्षर बोलले नाही. पुढच्या मे महिन्यात आई चटईवरून हलली नाही. बाबा लोकांना सांगू लागले, हिला पाणी मानवत नाही. त्याचं पुढे ‘हिला पाणी आवडत नाही’ झालं आणि मग ‘हिला पाण्याची भीती वाटते’. मी ते शेहेचाळीस वर्षं चालू दिलं, कारण त्यात माझी सुटका होती.

रविवारी वडखळची वाहतूक पार करून किहीमला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. किनाऱ्यावर आता घोडे, पाण्यातल्या स्कूटर, मक्याची कणसं भाजणारे. दादा गाडीतून उतरल्यापासून पार्थला दाखवत सुटला होता, इथे वाडी होती, इथे विहीर होती. आई उतरली. तिने डिकीतून स्वतःच चटई काढली, हळूहळू चालत गेली, पाण्याच्या अंदाजाने जागा बघून ती अंथरली आणि बसली. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आम्ही सगळ्यांनी तिच्यासमोर सामान टाकलं. पार्थचा फोन, गाडीच्या चाव्या, वहिनीची पिशवी. दादाने नवे बूट काढले, मनगटावरचं पार्थने साठीला दिलेलं घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळलं आणि डाव्या बुटात ठेवलं.

“बाबा, वॉटरप्रूफ आहे ते!” पार्थ म्हणाला.

“असू दे. खारं पाणी आहे. आई, बघ हं.”

मी तोंड उघडलं ते त्याला फाडून खायला. तेवढ्यात माझं लक्ष आईच्या मांडीकडे गेलं. तिथे माझी पर्स होती. माझा चष्मा होता. मी ते केव्हा दिले, मला आठवत नाही. इतके दिवस घसा फोडून भांडणारी मी, आणि माझ्याच हातांनी तिला सामानापाशी बसवून मोकळी झाले होते.

“उचला!” मी ओरडले. “सगळ्यांनी आपापलं उचला! दादा, तो बूट उचल!”

“अगं, काय झालं काय तुला?”

“बाबांचं घड्याळ मी घालवलं. आईने नाही, मी! मला बसवून गेली होती ती, आणि मी पळाले. बाबांनी तिला सगळ्यांसमोर फाडलं आणि मी गप्प बसले. तिला कसलीही भीती नाही पाण्याची! आपण बसवलंय तिला इथे!”

घोडेवालाही थांबून बघायला लागला. दादा म्हणाला, “वैजू, शेहेचाळीस वर्षं झाली त्याला.”

“म्हणूनच ओरडतेय!”

“ओरडू नको,” आई म्हणाली. “लोक बघतात.” तिने माझी पर्स मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. “मला ठाऊक होतं. तुला पळताना पाहिलं मी.”

मी पुढे होऊन चष्मा उचलला आणि डोळ्यांवर चढवला.

“भरती चढतेय तेही दिसत होतं,” ती म्हणाली. “हाक मारता आली असती. चार पावलं मागे यायचं होतं, एवढंच. नाही आले.”

“आई, मग बाबांना सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? की घड्याळ जाताना बघत होते आणि मला निघावंसं वाटत नव्हतं? माझ्या वडिलांचं होतं गं ते.” तिने वाळूवर हात फिरवला. “मग धसकाच घेतला. पुन्हा उतरले तर पुन्हा तसंच करेन, असं वाटायचं. म्हणून बसून राहिले. आणि तुमच्यापैकीही कुणी ऊठ म्हणालं नाही.”

शेवटचं वाक्य तिने जराही आवाज न चढवता टाकलं. माझ्या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा ते लागलं. मग दादा वाकला आणि त्याने हात पुढे केला.

“ऊठ, आई.”

“आणि सामान?”

“मी बसते,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. तेवढा हक्क तिला होता. मग कानातलं मशीन काढून माझ्या हातात दिलं. “हे मात्र हरवू नको बाई.” एका बाजूने दादा आणि दुसऱ्या बाजूने अबोली, अशी ती निघाली. वहिनीने मागून साडी वर धरली. घोटे. मग गुडघे. तिथे ती थांबली. दादा मागे वळायला लागला तर तिने त्याचा हात ओढला आणि अजून पुढे गेली.

मी चटईवर बसले होते. ऊन मानेवर भाजत होतं आणि मला अजूनही राग येत होता, बाबांचा, दादाचा, त्या दहा वर्षांच्या मुलीचा. भरती चढत होती. पाण्याची एक जीभ वाळूवरून आली, दादाच्या डाव्या बुटाला लागली आणि मागे गेली. दुसरी आली तेव्हा बूट हलला. नुसता हात लांब केला असता तरी पुरलं असतं. तिकडे एक मोठी लाट आईच्या कमरेवर फुटली, ती नखशिखांत भिजली आणि हसली, तेच हसणं, तोंडावर हात न ठेवता. मी मशीन मुठीत घट्ट धरलं आणि तिच्याकडे बघत राहिले. बूट वळला आणि पाण्याबरोबर निघाला.

“वैजू! बूट!” दादा लांबून ओरडला. “अगं, माझा बूट बघ!”

मला ऐकू आलं. आईला नाही आलं. ती पुढच्या लाटेकडे बघत होती, आणि दादाला तिचा हात सोडता येत नव्हता.