खिडकीच्या कट्ट्यावरचा हात

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. कारखान्यातला जन्म, पहिला पांढरा रंग, वगैरे. ते राहू दे. कौतुकाचेही राहू दे.

मी हृदयाच्या वॉर्डात आहे, खिडकीला लागून. हृदय थकले की अंगात पाणी साचते, पाय सुजतात, वजन चढते. औषधाने पाणी गेले की वजन उतरते. म्हणून माणसाला घरी सोडण्याआधी डॉक्टर माझ्याकडे बघतात. एकट्या माझ्याकडे नाही. पण बघतात.

तर इथे एक शिंपी दाखल होता. मागच्या वेळी हट्टाने लवकर घरी गेला आणि धापा टाकत परत आला.

"अहो, जरा दमानं घ्या," त्याची बायको म्हणायची.

"दमच तर लागतोय," तो म्हणायचा.

एका सकाळी तो मला हलका वाटला. पाय मात्र तसेच टम्म. शालीखालून त्याने तळहात खिडकीच्या कट्ट्यावर रोवला होता. सिस्टरने काटा वाचला. दुसऱ्या सकाळी त्याने आणखी जोर दिला.

"छान उतरतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सूज आहे थोडी. पण वजन असंच राहिलं तर उद्या घरी, काका."

माझा काटा खोटे बोलत होता. नाही. माझ्यावर जेवढे होते तेवढेच तो सांगत होता. उरलेला माणूस खिडकीवर होता.

उद्याचा दिवस उजाडला. बायको घरचा सदरा घेऊन आली. तो माझ्यावर उभा असतानाच तिने घडी घालायला शाल ओढली. हात दिसला.

"गप्प बस," तो हळूच म्हणाला. "घरी जायचंय ना?"

ती सदरा धरून उभी राहिली.

"अहो, हात काढा."

"कुठला हात?"

"खिडकीवरचा."

त्याने काढला. काटा वर सरकला. सिस्टर डॉक्टरबाईंना बोलवायला गेली. घरी जाणे रद्द झाले.

"तुला मी घरी नकोच आहे," तो म्हणाला.

"मागच्या वेळी जिन्यात तुमचे ओठ निळे पडले. मी एकटी होते हो."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. तिने सदरा पिशवीत ठेवला.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायचे असते. मला तेल नको, नवा रंग नको. माझ्यावर कुणी उभे राहिले की आकड्याआधी त्याचे हात बघा. आणि कुठे टेकलेले दिसले तर बोला. मात्र बोलणे सोपे आहे, असे मी सांगणार नाही. तिच्याशी तो अजून बोललेला नाही.