आईच्या वाटणीची हळद

मी गिटार वाईट वाजवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट फार चांगली वाजवतो, आणि तिथंच माती खाल्ली.

माझ्या धाकट्या बहिणीची, भाविकाची हळद होती. शिरवणे गावात आमच्या दारातच मांडव. तिनं महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं, "दादा, शेवंता आत्या हळदीचं गाणं म्हणेल ना, तेव्हा मागे गिटार धर. हळू. आईला आवडलं असतं." आई जाऊन चार वर्षं झाली.

आमच्या घरची रीत अशी, की आत्या गाण्यात एकेका बाईचं नाव घेते. नाव आलं की त्या बाईनं उठून नवरीला हळद लावायची. गेलेल्या बाईचंही नाव घेतात, तिच्या वाटणीची हळद तिच्या लेकानं लावायची. पुतळा, माझ्या आईचं नाव, तिसरं येणार होतं. हळदीची वाटी मी माझ्या ॲम्प्लिफायरवर ठेवली होती.

गाणं मोजून चार सुरांचं. पहिल्या नावाला मी गुमान साथ केली. बायका डोलत होत्या, गुणगुणत होत्या. मग मांडवाच्या कडेला, पावणे गावातल्या वर्कशॉपमध्ये माझ्यासोबत काम करणारे मित्र दिसले. त्यातल्या प्रीतमनं मोबाईल वर धरला आणि माझ्या बोटांना खाज सुटली. आठ महिने रोज मेट्रोनोमची टिकटिक लावून तालात घासलेली तान, सेकंदाला चौदा सूर, मग ऐकवायची कुणाला? मी आवाज वाढवला आणि डोळे मिटले.

एकही सूर चुकला नाही. मजा आली का म्हणाल, तर नाही. मी फक्त चुकत नाहीये ना, एवढंच बघत होतो.

डोळे उघडले तेव्हा मित्र शिट्ट्या मारत होते. बायका हळदीचे हात पुसत होत्या. आत्या पाणी पीत बसली होती.

"झाला तुजा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तीन येला नाव घेतला पुतलाचा. तू आयकलाच नाय."

मी वाटी उचलून धावलो. गिटार गळ्यातच होती, वायर ताणली गेली.

"राहू दे दादा," भाविका म्हणाली. "काकूनं लावली आईची. गाणं अर्ध्यात सोडत नाहीत ना." मग माझ्याकडे बघून हसली. "छान वाजवलंस."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. भरलेली वाटी हातात घेऊन मी सगळ्यांसमोर उभा होतो, आणि कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रीतमचा व्हिडिओ इअरफोन लावून ऐकला. माझ्या आवाजाखाली आत्याचा आवाज आहे. पुतळा, पहिल्यांदा सहज. दुसऱ्यांदा मोठ्यानं. तिसऱ्यांदा नाव घेऊन ती थांबलीय, माझी वाट बघत, आणि नेमकं तिथंच मी सगळ्यात वेगानं वाजवलंय.

प्रीतमनं तेवढाच तुकडा कापून ग्रुपवर टाकलाय. खाली नुसत्या टाळ्याच टाळ्या. काढ म्हणून सांगायचं, तर कारण सांगावं लागेल.