सारिका सिस्टर गेल्यावर

गिरणाकाठच्या चार गावांना मिळून सारिका ही एकच नर्स होती. बाकीच्या जागा रिकाम्याच. ग्रामसभेत तिनं सांगून पाहिलं होतं, की सरकारकडे आणखी माणूस मागा, मी एकटी पुरी पडत नाही. लोकांनी ऐकून घेतलं आणि मंदिराच्या सभामंडपाचा विषय काढला.

तोताराम पाटलाच्या सुनेला, दिपमालाला, दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा सारिका शेजारच्या गावात बाळांना लस टोचत होती. उपकेंद्राला कुलूप. सरकारी अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन धुळ्याला गेलेली. शेवटी कापसाच्या पिकअपमध्ये गादी टाकून दिपमालाला चाळीसगावला न्यायला निघाले. बाळ वाटेतच झालं. ते रडलंच नाही.

संध्याकाळी सारिका स्कूटीवरून परतली, तर उपकेंद्रासमोर गाव जमलेलं. काय झालं म्हणून ती विचारणार, तोच तोतारामनं तिच्या थोबाडीत मारली. कुणी मध्ये पडलं नाही. तिनं उपकेंद्राची किल्ली ओट्यावर ठेवली आणि स्कूटी वळवून निघून गेली. बरा धडा मिळाला, असं गाव म्हणालं.

तिच्या जागी कुणी आलं नाही. नर्सला मारणाऱ्या गावात यायला कोण तयार होणार?

पुढं दिपमालाला पुन्हा दिवस गेले, तेव्हा तोताराम चाळीसगावला गेला. सारिका आता तिथल्या एका खासगी दवाखान्यात होती. त्यानं हात जोडले.

"पोरी, परत ये. गावमा कोनीच नही शे."

सारिकानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाली, "आबा, मला मारायला अख्खं गाव आलं होतं. दुसरी नर्स मागायला एकही माणूस आला नव्हता. सुनेला इथं आणा, मी बघेन. गावात मी येणार नाही."

घरी परतल्यावर तोतारामनं ओट्यावर जमलेल्यांना सांगितलं, की शहरात जाऊन सिस्टरला माज आला आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आतून दिपमाला दारात आली.

"पोर मन्हं मरनं व्हतं, आबा. सिस्टरले मारा, असं मी कोनले सांगेल नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती धरणगावला माहेरी गेली. तिथंच तिला मुलगी झाली. तोताराम नातीला बघायला गेला, तेव्हा तिनं मुलगी त्याच्या मांडीवर दिली आणि सांगितलं, की गावात नर्स येईल त्या दिवशी मी येईन.

जागा अजून रिकामीच आहे.